शंका-समाधान : आत्याचे बत्तीस पत्ते

मागच्या अंकात या सदरात रामशलाकेविषयी, म्हणजे रामचरितमानसातून प्रश्नाचे उत्तर काढण्याच्या कोष्टकाविषयी, चार ओळी आल्या आणि त्यानंतर टपालाने व व्हॉट्सॲपवर जी पत्रे आली, त्यांपैकी निम्म्याहून अधिक पत्त्यांवरून भविष्य पाहण्याविषयी होती. इंदूरच्या मराठी घरांत पत्ते खेळले जातात हे ठाऊक होते. ते इतक्या घरांत विचारलेही जातात, याची कल्पना नव्हती. प्रस्तुत लेखकाचा पत्त्यांच्या भाकितावर विश्वास नाही, हे आधीच सांगितलेले बरे. मात्र एखाद्या पत्त्याला अमुक अर्थ कोणी दिला आणि तो आपल्यापर्यंत कसा पोचला, हे जाणून घेण्यासाठी विश्वासाची अट नसते.

शंका : आमच्या रामबागेतील जुन्या घराची आवराआवर करताना थोरल्या आत्यांची लोखंडी पेटी उघडली. नऊवारीच्या घडीखाली रुमालात बांधलेले पत्ते निघाले. मोजले, तर फक्त ३२ भरले : सत्तीपासून एक्क्यापर्यंत सर्व आहेत, दुर्रीपासून छक्कीपर्यंत एकही नाही. पत्त्यांवर पेन्सिलीने बारीक अक्षरात एकेक शब्द लिहिलेला आहे. बदाम एक्क्यावर ‘घर’, चौकट एक्क्यावर ‘पत्र’, बदाम नव्वीवर ‘इच्छा’, इस्पिक नव्वीवर ‘नको’, किलवर राणीवर ‘मी’. इस्पिक राणी तेवढी कोरी आहे. शिवाय काही पत्त्यांच्या एकाच टोकाला ठिपका आहे. असे पत्ते १९ आहेत. आत्या लग्नानंतर चार वर्षांतच विधवा होऊन माहेरी आल्या होत्या आणि त्यांना पत्ते हातात घेतलेले घरात कोणी पाहिलेले नाही. हा जोड अपुरा समजावा का, आणि हे ठिपके कशाचे? (एक वाचक भगिनी, रामबाग)

समाधान : आपला जोड पूर्ण आहे, एकही पत्ता हरवलेला नाही. फ्रान्समध्ये पिके नावाचा एक खेळ फार लोकप्रिय होता आणि तो सत्तीपासून वरच्या ३२ पत्त्यांनीच खेळला जाई. पॅरिसमधील जाँ-बाप्तिस्त आलिएत या गृहस्थांनी १७७० साली पत्त्यांवरून भविष्य पाहण्याचे जे पुस्तक छापले, ते याच ३२ पत्त्यांवर आधारलेले होते. स्वतःचे आडनाव उलट्या अक्षरक्रमाने लिहून त्यांनी ‘एतेइला’ असे टोपणनाव घेतले आणि प्रश्न विचारणाऱ्या व्यक्तीसाठी त्याच नावाचा एक तेहतिसावा पत्ता जोडला. पुढे युरोपात निघालेल्या अनेक पुस्तकांनी ही बत्तीस पत्त्यांची पद्धत उचलली. आपल्या आत्यांनी बाजारातून ५२ पत्त्यांचा साधा कॅट आणून त्यातील लहान पत्ते विचारपूर्वक बाजूला काढले असले पाहिजेत. ते वीस पत्ते घरातील मुलांच्या हाती लागून पत्त्यांचा बंगला बांधण्यात खर्ची पडले असतील, तर नवल नाही.

आता ठिपक्यांकडे वळतो, कारण आपल्या पत्रातील खरी मौज तिथे आहे. एतेइलाच्या पद्धतीत पत्ता सुलट आला तर एक अर्थ आणि उलटा आला तर दुसरा अर्थ असतो. त्यांच्या काळी राजा, राणी आणि गुलाम यांची चित्रे डोक्यापासून पायापर्यंत पूर्ण असत, त्यामुळे उलटे कोणते ते पाहताक्षणी कळे. पुढे एकोणिसाव्या शतकात दोन्ही टोकांना डोके असलेली चित्रे रूढ झाली, खेळणाऱ्यांची सोय झाली आणि भविष्य पाहणाऱ्यांची अडचण झाली. म्हणून पुस्तकांत अशी सूचना येऊ लागली की, ज्या पत्त्यांची दोन्ही टोके सारखी दिसतात त्यांच्या एका टोकाला पेन्सिलीने खूण करून ठेवावी.

आपले पत्र वाचल्यावर मी घरातील कॅट टेबलावर पसरून प्रत्येक पत्ता फिरवून पाहिला. राजे, राण्या आणि गुलाम मिळून १२ पत्ते दोन्हीकडून सारखेच दिसतात. चारही दश्शींचे तसेच. सत्ती, अठ्ठी आणि नव्वी यांच्यात मधल्या चिन्हांची टोके एकाच दिशेला असल्यामुळे उलट-सुलट ओळखता येते, एक्काही ओळखता येतो. पण चौकटचे चिन्ह मुळातच वरून-खालून सारखे असल्याने चौकट एक्का, अठ्ठी आणि नव्वी ओळखता येत नाहीत. चौकट सत्ती मात्र ओळखता येते, कारण तिचे सातवे चिन्ह मध्यरेषेच्या वर एकटेच असते. हा बारकावा मला इतकी वर्षे पत्ते खेळूनही लक्षात आलेला नव्हता. आता बेरीज करा : १२, ४ आणि ३ मिळून १९. आत्यांनी खूण केलेले पत्तेही १९. त्यांनी नुसती पुस्तकातील सूचना पाळली नाही, तर प्रत्येक पत्ता हातात फिरवून कोणत्याला खुणेची गरज आहे आणि कोणत्याला नाही हे ठरवले, आणि चौकट सत्तीलाही त्या फसल्या नाहीत.

त्यांचे शब्दही परंपरेला धरून आहेत. बदाम एक्का म्हणजे घर, चौकट एक्का म्हणजे पत्र किंवा बातमी, बदाम नव्वी म्हणजे मनातली इच्छा पुरी होण्याचा पत्ता, हे अर्थ बहुतेक पुस्तकांत आढळतात. इस्पिक नव्वी ही अनेकांच्या मते संपूर्ण जोडातील सर्वांत वाईट. पुस्तके तिच्यापुढे अपयश, आजार, मृत्यू अशी लांबलचक यादी देतात. त्या सगळ्या यादीसाठी ‘नको’ हा दोन अक्षरांचा शब्द मला अधिक नेमका वाटतो.

किलवर राणीवर ‘मी’ का लिहिले असावे, याला मात्र थोडा विचार करावा लागतो. प्रश्नकर्त्याचा पत्ता केसांच्या आणि कांतीच्या रंगावरून निवडावा, असा या पुस्तकांचा नियम आहे : सोनेरी केसांची व्यक्ती चौकट, फिक्या तपकिरी केसांची बदाम, गडद तपकिरी केसांची किलवर आणि काळ्याभोर केसांची इस्पिक. नियम युरोपातील माणसांसाठी केलेला असल्यामुळे आपल्याकडे तो लावायचा म्हटला, तर राजवाड्यापासून खजराण्यापर्यंत येणारा-जाणारा प्रत्येक जण इस्पिकच्या, म्हणजे संकटाच्या रंगात जाऊन बसेल. आपल्या आत्यांनी एक रंग अलीकडचा निवडला.

कोऱ्या राणीविषयी आपण काही विचारलेले नाही, तरीही लिहितो. जुन्या पुस्तकांत इस्पिक राणीचा सर्वांत रूढ अर्थ विधवा असा आहे. काळ्या केसांच्या नियमाने आणि या अर्थानेही, पुस्तकाप्रमाणे आत्यांचा पत्ता तोच ठरत होता. १९ ची बेरीज पूर्ण भरते, त्याअर्थी त्या कोऱ्या पत्त्यालाही ठिपका असणारच. म्हणजे तो वगळलेला नव्हता, मांडणीत येत होता, फक्त त्यावर शब्द नव्हता. याहून पुढे तर्क करण्याचा अधिकार मला नाही.

एक विनंती : हे पत्ते पुसून स्वच्छ करू नका आणि प्लास्टिकचे आवरणही चढवून घेऊ नका. उष्णतेने चिकटवलेले आवरण पुन्हा निघत नाही, आणि पेन्सिलीचे लिखाण ओल्या फडक्याने जाते. मूळ रुमालातच, कोरड्या जागी राहू द्यावेत.

शंका : खजुरी बाजारातून घेतलेल्या एका हिंदी पुस्तिकेत ‘हुकुम का इक्का’ हा अनिष्ट पत्ता म्हटला आहे. आपल्याकडे हुकमाचा एक्का म्हणजे हमखास विजय. शिवाय त्या पुस्तिकेत पैशाचा रंग किलवर दिला आहे आणि मुलीने पाठवलेल्या इंग्रजी पुस्तकात चौकट. खरे कोणते मानावे? (एक वाचक, तिलकनगर)

समाधान : पहिला घोळ निव्वळ आपल्या गावच्या दुभाषेपणाचा आहे. हिंदीत हुकुम हे इस्पिक या रंगाचे नाव आहे. पान म्हणजे बदाम, ईट म्हणजे चौकट आणि चिडी म्हणजे किलवर. मराठीत हुकूम म्हणजे त्या डावापुरता वरचढ ठरवलेला रंग, मग तो बदाम असो की किलवर. इंदुरातील मराठी मुले शाळेत एक आणि घरी दुसरी नावे घेत वाढतात आणि खेळताना कोणाचे काही अडत नाही. पण पुस्तक वाचताना अडते. पुस्तिकेतील पत्ता म्हणजे आपला इस्पिक एक्का. मराठी म्हणीतल्या एक्क्याला त्याची बाधा नाही.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर असे की, दोन्ही पुस्तके आपापल्या घराण्याप्रमाणे बरोबर आहेत. फ्रेंच परंपरेत किलवर हा पैशाचा आणि यशाचा रंग समजला जातो, तर चौकटकडे प्रवास, बातम्या आणि बाहेरच्या घडामोडी येतात. इंग्रजी परंपरेत चौकटला पैसा आणि किलवरला कामधंदा दिला जातो. बदाम म्हणजे घर, स्नेह व प्रेम आणि इस्पिक म्हणजे अडचणी, याबाबत मात्र दोघांचे फारसे भांडण नाही. तुमच्या हिंदी पुस्तिकेच्या मुळाशी कुठेतरी फ्रेंच पद्धतीचे पुस्तक असावे, एवढे यावरून म्हणता येते.

हा फरक पडण्याचे कारण पत्त्यांच्या जन्मकथेत आहे. युरोपात पत्त्यांचे उल्लेख चौदाव्या शतकाच्या अखेरीस, १३७० नंतर मिळू लागतात, आणि ते तिथे इजिप्तच्या मामलूक राजवटीतून पोचले असे मानले जाते. मामलूक पत्त्यांचा एक जोड इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात आहे. त्यावर पेले, नाणी, तलवारी आणि पोलो खेळण्याच्या काठ्या असे चार रंग आहेत. इटली आणि स्पेनमध्ये काठ्यांचे सोटे झाले, बाकीचे तसेच राहिले. पुढे १४८० च्या सुमारास फ्रान्समध्ये आज आपण वापरतो ती सोपी चिन्हे आली. ती साच्याने छापायला स्वस्त पडत, म्हणून सगळीकडे पसरली. तथापि कोणते नवे चिन्ह कोणत्या जुन्या चिन्हाच्या जागी बसले, हे कोणी ठरवून दिलेले नव्हते. भविष्याच्या पुस्तकांचे लेखक नंतर आले आणि त्यांनी ही जोडी आपापल्या समजुतीप्रमाणे लावली. कोणी नाण्यांच्या जागी चौकट घेतला, कोणी किलवर.

इंग्रजीत तर नावांतच ही सरमिसळ शिल्लक आहे. इस्पिकला ते ‘स्पेड’ म्हणतात, तो शब्द फावड्याचा नसून तलवारीसाठी असलेल्या इटालियन शब्दावरून आलेला आहे. किलवरला ते ‘क्लब’ म्हणजे सोटा म्हणतात आणि पत्त्यावर चित्र असते तीन दलांच्या पानाचे. नाव एका देशाचे, चित्र दुसऱ्या देशाचे आणि अर्थ तिसऱ्याच पुस्तकाचा, अशा पत्त्याला ‘खरे काय’ विचारणे व्यर्थ आहे. हौसेने पाहायचेच असेल तर एका वेळी एकच पुस्तक वापरावे. दोन पुस्तकांतून आपल्याला सोयीचे तेवढे अर्थ वेचून घेतले, तर सगळेच दिवस सणाचे निघतील.

शंका : आमच्या भिशीत एका ओळखीच्या बाईंनी प्रत्येकीसाठी तीन-तीन पत्ते काढून भविष्य सांगितले. माझ्या मुलाच्या नावाने इस्पिक एक्का निघाला. तो पुढच्या महिन्यात नोकरीसाठी पुण्याला जाणार आहे. सासूबाईंनी तेव्हापासून धास्ती घेतली आहे आणि मुलाने जाऊच नये असा त्यांचा हट्ट आहे. त्यांना काय सांगावे? (एक वाचक भगिनी, सुदामानगर)

समाधान : सासूबाईंची धास्ती थट्टेवारी नेऊ नका. मुलगा दूर जाणार ही काळजी पत्ता निघण्याच्या आधीपासून असणार. पत्त्याने तिला बोलायला निमित्त दिले एवढेच. त्यांना दोन गोष्टी सांगून पाहाव्यात.

पहिली गोष्ट हिशोबाची. ५२ पत्त्यांतून तीन काढले, तर त्यांत इस्पिक एक्का असण्याची शक्यता ५२ पैकी ३, म्हणजे साधारण सतरा जणींमागे एक. भिशीला वीस जणी असतील आणि दर वेळी पूर्ण जोड पिसून पत्ते काढले असतील, तर निदान एकीला तरी तो निघण्याची शक्यता शंभरात सुमारे सत्तर आहे. कोणाच्या तरी वाट्याला तो येणारच होता, यात विशेष काही घडलेले नाही. एक्का सोडा, तीन पत्त्यांत इस्पिकचा कोणताही एक पत्ता निघण्याची शक्यता शंभरात ५९ आहे. अशुभ रंग निघाला म्हणून बेत रद्द करायचे ठरवले, तर त्या दिवशी भिशीतील निम्म्याहून अधिक बायकांना घरी परतणेही कठीण झाले असते.

दुसरी गोष्ट त्या एक्क्याच्या दरार्‍याची. बहुतेक जोडांत इस्पिक एक्का इतरांपेक्षा मोठा आणि नक्षीदार छापलेला असतो, आणि पाहणाऱ्याला वाटते की त्यात काही गूढ असले पाहिजे. ते गूढ करवसुलीचे आहे. इंग्लंडात पत्त्यांवर सरकारी कर होता आणि कर भरल्याची खूण इस्पिक एक्क्यावर असे. १७६५ पासून तर तो एक्का खुद्द सरकारचे मुद्रांक खातेच छापू लागले. पत्ते तयार करणाऱ्याने बाकीचे ५१ छापायचे आणि कर भरून एक्का सरकारातून आणायचा. नक्कल करणे अवघड जावे म्हणून नक्षी गुंतागुंतीची ठेवली गेली. नक्कल हा देहान्त शिक्षेचा गुन्हा होता, आणि रिचर्ड हार्डिंग नावाच्या इसमाला याच गुन्ह्यासाठी १८०५ मध्ये फाशी देण्यात आले. या पत्त्याने कोणाचा जीव घेतल्याचे पक्के उदाहरण हवे असेल तर ते हे आहे, आणि त्यात दोष ग्रहांचा नव्हता. सरकारने एक्का छापणे १८६२ मध्ये थांबवले. पत्ते तयार करणाऱ्यांनी नक्षी तशीच पुढे चालवली.

आणखी एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकी सैनिकांनी एका कंपनीकडून नुसत्या इस्पिक एक्क्यांचे जोड मागवले होते. शत्रू हा पत्ता पाहून भेदरेल, अशी त्यांची समजूत होती. प्रत्यक्षात व्हिएतनामी लोकांच्या परंपरेत त्या पत्त्याला तसा काही अर्थच नव्हता. भीती वाटत होती ती पत्ता टाकणाऱ्यांच्या देशातील पुस्तकांची. सासूबाईंच्या लहानपणी त्यांच्या घरी बदाम सात आणि झब्बू खेळताना हाच एक्का कितीदा हातात आला असेल, त्याची आठवण त्यांना करून द्यावी. मुलाला पुण्याला पोचल्याबरोबर फोन करायला सांगावे. त्या फोनचा उपयोग माझ्या सगळ्या हिशोबाहून जास्त होईल.

शंका : वर्षाचे ५२ आठवडे म्हणून पत्ते ५२, चार ऋतू म्हणून चार रंग, असे व्हॉट्सॲपवर आले आहे. हे खरे का? (एक विद्यार्थी, देवास)

समाधान : गणित जुळते, इतिहास जुळत नाही. एक ते तेरा यांची बेरीज ९१, तिला चाराने गुणले की ३६४, आणि जोकर धरला की ३६५, हे बरोबर आहे. पण जोकर अमेरिकेत १८६० च्या दशकात एका खेळाच्या सोयीसाठी आला, तोवर पत्ते निदान पाच शतके खेळले जात होते. शिवाय जर्मनीत ३६ आणि ३२, स्पेनमध्ये ४८ आणि ४० पत्त्यांचे जोड चालत आले आहेत, आणि तिथले वर्ष काही लहान नसते. चार ऋतू हेही युरोपचे, आपले सहा.

शंका : मी निवृत्त आहे. रोज सकाळी मनात एक इच्छा धरून ‘घड्याळ’ नावाचा पेशन्सचा, म्हणजे एकट्याने खेळायचा, एक डाव लावतो. सुटला तर दिवस चांगला, असा संकेत आहे. गेल्या वर्षीची नोंदवही पाहिली, तर ३६५ दिवसांत डाव फक्त २७ वेळा सुटला. माझे नशीब इतके मंद आहे का? आणि पेशन्स ही भविष्य पाहण्याची पद्धत समजावी का? (एक वाचक, राजेंद्रनगर)

समाधान : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी. पेशन्स आणि पत्त्यांवरील भविष्य हे दोन्ही युरोपात अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पुढे आले, आणि दोन्हींचे मूळ एकच असावे असे काही अभ्यासक मानतात. पेशन्सला डेन्मार्कमध्ये आजही ‘कबाले’ आणि नॉर्वेमध्ये ‘कबाल’ म्हणतात आणि त्या शब्दाला गूढविद्येचा वास आहे. तेव्हा आपला संकेत परंपरेला सोडून नाही.

नशिबाची तक्रार मात्र नोंदवहीच फेटाळून लावते. ज्यांना हा डाव ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो : चार-चार पालथ्या पत्त्यांच्या बारा गड्ड्या घड्याळाच्या आकड्यांप्रमाणे गोल मांडतात आणि तेरावी मध्ये. मधल्या गड्डीचा पत्ता उघडायचा, एक्का असेल तर एकच्या जागी, गुलाम अकराच्या, राणी बाराच्या, राजा मध्ये, असा तो आपल्या जागी ठेवायचा आणि त्या जागेवरचा पुढचा पत्ता उघडायचा. चौथा राजा उघडला की डाव थांबतो. सर्व पत्ते उघडून शेवटी चौथा राजा आला, तरच डाव सुटला. खेळणाऱ्याला यात कुठेही निवड करायची नसते. म्हणून सारा प्रश्न एवढाच उरतो की, ५२ वा उघडणारा पत्ता राजा आहे की नाही. जोडात राजे चार. शक्यता ५२ पैकी ४, म्हणजे १३ पैकी १. ३६५ ला १३ ने भागले की २८ येतात. आपला डाव २७ वेळा सुटला.

पत्राच्या शेवटी आपण विचारले आहे की, चौथा राजा लवकर आला तर तो हळूच गड्डीच्या तळाशी सरकवण्यास हरकत आहे का. भविष्याच्या दृष्टीने आहे. पोहे गार होत असतील, तर नाही.